खंडेनवमीचं लोखंड

नारायण पेठेत आनंदी वाटवेला लोक दोन कारणांनी ओळखत. एक म्हणजे तिला वाद घालायला आवडायचं, आणि तो जिंकायला त्याहून जास्त आवडायचं. दुसरं म्हणजे तिचा नवरा अंगावर लोखंड म्हणून ठेवत नसे.

हे दुसरं प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. श्रीनिवास वाटवे घोले रोडवरच्या एका खाजगी खनिज कंपनीत मॅग्नेटोमीटर चालवायचा. जमिनीखाली लोहखनिज असलं की तिथलं चुंबकत्व आजूबाजूपेक्षा थोडं कमीजास्त होतं, आणि ते किती हे सांगणारं हे यंत्र. तिपाईवर ठेवायचं, पातळी साधायची, आतलं चुंबक किती कललं ते भिंगातून वाचायचं आणि तिपाई उचलून पुढच्या खुंटीवर जायचं. असं शेकडो खुंट्यांवर. यंत्र इतकं हळवं, की वाचणाऱ्याच्या खिशातली किल्लीसुद्धा त्याला जमिनीखालच्या खनिजाएवढी वाटायची. म्हणून श्रीनिवासच्या पँटला बकल नव्हतं, नाडी होती. सदऱ्याला शिंपल्याची बटणं, चष्म्याला पितळी स्क्रू, मनगटावर घड्याळ नाही. चपला तो खास शिवून घ्यायचा, कारण खिळा चालत नसे.

बरं, फील्डवर असताना हे सोवळं पाळणं भागच होतं. पण गडी पुण्यात आला तरी तसाच राहायचा. सवय मोडली की चूक होते, म्हणायचा. छत्रीच्या काड्या लोखंडी, म्हणून भर श्रावणात तो भिजत घरी यायचा आणि समोरच्या खिडकीतले दीनानाथकाका ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "आले वाटवे. चालू द्या. यांना गंज चढायची भीती नाही."

आनंदीला याचा राग येत नसे. तिला नवऱ्याचा हा काटेकोरपणा मनापासून आवडायचा, कारण ती स्वतः त्याच मातीची होती. वडील शाळेत गणित शिकवायचे. मुलीला त्यांनी बाहुल्यांच्या आधी भूमिती दिली. बी. एस्सी.ला गणितात ती पहिल्या वर्गात आली, आणि लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं सासरी जाहीर केलं की स्वयंपाक ती करील, पण दिवसभर स्वयंपाकच करणार नाही. सासरच्यांनी हात टेकले. श्रीनिवासच्याच कंपनीत आकडेमोडीला माणूस हवा होता, तिथं ती लागली. कागदोपत्री टेंपररी, ट्रेसर म्हणून, म्हणजे नुसते नकाशे गिरवायला.

तेव्हापासून तो मोजायचा आणि ती मांडायची. त्याची रीडिंगं टपालानं पुण्याला यायची. जमिनीचं चुंबकत्व दिवसभरातही जरा चढतं-उतरतं. तेवढं ती त्यातून वजा करायची, नकाशावर प्रत्येक खुंटीपाशी तिचा आकडा लिहायची आणि सारख्या आकड्यांना जोडत कंटूरच्या रेषा काढायची. रेषा निघाल्या की तिला जमिनीच्या पोटात काय आहे याचा अंदाज यायचा. ती जमीन मात्र तिनं एकदाही पाहिली नव्हती. कॅम्पवर बाईमाणसाचं काय काम, असं कंपनीत सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे आप्पासाहेब.

आप्पासाहेब हे कंपनीचे मालक. मांजरीचे उसवाले. उसात जम बसल्यावर त्यांना खाणीची हौस आली होती. माणूस दिलदार, हसरा आणि उतावळा. कुठल्याही गोष्टीचं उत्तर त्यांना प्रश्न पुरा होण्याआधी हवं असायचं. वेंगुर्ल्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या एका जांभ्याच्या माळाचा परवाना त्यांनी मिळवला होता. ही गोष्ट सहासष्ट-सदुसष्ट सालची. त्या माळावर वर कुठंच खनिज दिसत नव्हतं. जांभ्याच्या जाड टोपीखाली काय दडलंय ते श्रीनिवासनं मोजून सांगायचं होतं.

पावसाळा सरल्याबरोबर तो कामाला लागला. ओढ्याच्या पश्चिमेचा माळ त्यानं दसऱ्याआधी संपवला. मग दसऱ्याला चार दिवस घरी आला, आणि येताना यंत्र बरोबर घेऊन आला. कॅम्पवर ते कुणाच्या भरवशावर ठेवायला त्याचं मन घेत नसे. एस.टी.त त्यानं पेटी मांडीवर धरली होती. सुट्टी संपल्यावर त्याच यंत्रानं त्यानं पूर्वेचा माळ मोजला. जानेवारीत सगळे आकडे आनंदीच्या टेबलावर आले आणि तिनं नकाशा पुरा केला.

नकाशा पाहून आप्पासाहेबांनी टेबलावर थाप मारली. पश्चिमेकडं आकडे मंद, आणि ओढा ओलांडला रे ओलांडला की एकदम चढलेले. रेषा ओढ्याच्या काठाला गर्दी करून उभ्या. पाहुणे म्हणून आलेले एक भूगर्भशास्त्रज्ञ म्हणाले, "ओढा भेगेवरून वाहतोय आणि भेगेच्या पूर्वेला सगळं खनिज आहे. सरळ आहे."

आप्पासाहेबांनी तिथल्या तिथं ठरवलं. त्यांच्या एका स्नेह्याचं ड्रिलिंग मशीन मोकळं होतं, पण होळीपर्यंतच. तेवढ्या मुदतीत एकच खोल भोक होणार होतं. ते पूर्वेच्या माळावर घ्यायचं. खनिज लागलं तर खाण. नाही लागलं तर हा सगळा व्याप बंद करायचा आणि आपला ऊस बरा, असं आप्पासाहेबांनी हसत हसत सांगितलं. श्रीनिवास आणि आनंदी दोघांचीही नोकरी त्या व्यापातच होती. त्या हसण्याचा अर्थ दोघांनाही कळला.

आनंदीला मात्र तो नकाशा पटत नव्हता. तिनंच काढलेला, आकडे सगळे जागच्या जागी, तरी पटत नव्हता. ओढा जिथं वळला होता तिथं खनिजही वळलं होतं. ओढा सरळ झाला तिथं खनिजही शहाण्यासारखं सरळ झालं होतं. एका ठिकाणी ओढ्यानं गंमत म्हणून टाकावं तसं छोटंसं वेटोळं घातलं होतं, तर तिथंही आकड्यांनी त्याची पाठ सोडली नव्हती.

"अहो, भेग अशी वेटोळं घालते का?" तिनं जेवताना विचारलं.

"आकडे जे आहेत ते आहेत," श्रीनिवास म्हणाला. "माझं एक रीडिंग चुकलेलं दाखव."

"चुकलंय असं कुठं म्हटलं मी? मला एवढंच कळत नाही, की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडाला आत्ताच्या ओढ्याचा पत्ता कुणी दिला."

श्रीनिवासनं भात वाढून घेतला आणि विषय संपवला. एकही रीडिंग न चुकल्याचा लौकिक त्यानं फार कष्टानं मिळवला होता. त्याच्या नाकावर त्या बाबतीत माशी बसू शकत नसे. आनंदीनंही पुढं ताणलं नाही, कारण तिच्याजवळ शंका होती, उत्तर नव्हतं, आणि नुसत्या शंकेवर वाद घालणं तिला कमीपणाचं वाटायचं.

उत्तर रविवारी सकाळी सापडलं, तेही केर काढताना. रेडिओच्या फळीवर श्रीनिवासचं छोटं होकायंत्र पडलं होतं. फळी पुसताना आनंदीनं ते रेडिओच्या मागच्या बाजूला सरकवलं, आणि उत्तरेला तोंड करून बसलेली सुई गर्रकन वळून रेडिओकडं बघायला लागली. आनंदीनं होकायंत्र लांब नेलं. सुई उत्तरेला. जवळ आणलं. सुई रेडिओकडं. रेडिओच्या पोटातल्या स्पीकरला मागं भलंथोरलं चुंबक असतं, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. तिला एकदम खंडेनवमीची पूजा आठवली आणि ती हातातल्या फडक्यासकट खाली बसली.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. वाटव्यांच्या घरी तलवार नव्हती, पण पाट भरायला विळी होती, कातरी होती, आनंदीची कंपासपेटी होती. "आपलं खरं हत्यार हे," असं म्हणून श्रीनिवासनं स्वतः मॅग्नेटोमीटर पेटीतून काढून पाटावर मधोमध बसवला होता. आणि त्या वर्षी घरात नवा आलेला रेडिओ. कौतुकाची वस्तू, तिला कोण वगळणार? पाट अरुंद, म्हणून तो यंत्राला पाठ लावून ठेवलेला. आनंदीनं दोघांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. आणि पूजेला बसवलेल्या वस्तूंना दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, ही वाटव्यांच्या घरची रीत. म्हणजे ज्या माणसानं चपलेचा खिळासुद्धा त्या यंत्राजवळ फिरकू दिला नव्हता, त्यानंच ते आख्खा दिवस आणि रात्र एका दणकट चुंबकाला टेकवून ठेवलं होतं. रस्त्यात, फील्डवर तो डोळ्यांत तेल घालून जपायचा. देवासमोर ठेवल्यावर जपायचं काय, असं त्याला वाटलं असणार. आनंदीलाही तसंच वाटलं होतं.

तिनं श्रीनिवासला बोलावून सुई वळताना दाखवली. पहिल्यांदा तो हसला. मग हसू थांबलं.

"आतलं चुंबक बदललं असेल, म्हणतेस?"

"पूर्वेला गेल्यावर पश्चिमेच्या जुन्या खुंटीवर एकदा तरी परत वाचलं होतंत?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. दसऱ्याआधी पलीकडच्या एकदोन खुंट्या वाचून दोन्ही काठांचे आकडे एकमेकांना जोडून घ्यायचे राहिले होते, एस.टी. चुकेल म्हणून. आणि परतल्यावर यंत्र तेच, माणूस तोच, मग पुन्हा ओढा ओलांडून कशाला जायचं, असं तो स्वतःशी म्हणाला होता.

"चला टेकडीवर," आनंदी म्हणाली.

हनुमान टेकडीवर एका खडकावर श्रीनिवासनं छिन्नीनं फुली कोरून ठेवली होती. प्रत्येक मोहिमेवर निघण्याआधी तो तिथं यंत्र वाचायचा. पुण्याचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबकी, त्यामुळं तो आकडा खनिजाच्या कामाचा नव्हे. पण जागा तीच असेल आणि यंत्र निरोगी असेल, तर आकडाही थोड्याफार फरकानं तोच यायला हवा. दसऱ्याच्या धांदलीत तेवढं वाचायचं राहिलं होतं. आता दोघं उन्हातून चढून गेले. श्रीनिवासनं तिपाई लावली, वाचलं, डोळे पुसून पुन्हा वाचलं. मग भिंगापासून बाजूला झाला आणि आनंदीला वाकून बघायला जागा दिली. आकडा साडेतीनशेनं चढला होता. ओढ्याच्या काठावरचा चढही तेवढाच होता.

पूर्वेला खनिजाचा डोंगर नव्हता. होता तो वाटव्यांच्या घरचा रेडिओ.

आनंदीनं दुसऱ्याच दिवशी पूर्वेच्या प्रत्येक आकड्यातून तेवढे वजा केले आणि नकाशा नव्यानं काढला. ओढ्याकाठची गर्दी पांगली, पूर्वेचा माळ सपाट झाला. आणि इतका वेळ त्या भपक्यापुढं कुणाच्या नजरेत न आलेली एक गोष्ट दिसायला लागली. पश्चिमेच्या माळावर एका ठिकाणी आकडे थोडे उतरले होते आणि लगेच शेजारी थोडे चढले होते. आपल्या अक्षांशावर असं जोडपं शेजारी शेजारी दिसलं, की त्या दोघांच्या मधोमध खाली काहीतरी आहे असं समजायचं. आनंदीनं जोडप्याची रुंदी मोजली, खोलीचा हिशेब केला, तीनदा तपासला. मग पेन्सिलीनं तिथं एक बारीक गोल काढला. तिची खात्री झाली, आणि आनंदीची खात्री व्हायची तर ती पुरीच व्हायची.

"आप्पासाहेबांना तुम्ही सांगता, की मी सांगू?" तिनं विचारलं.

"मी सांगतो," श्रीनिवास म्हणाला. दोघं बरोबरच गेले.

आप्पासाहेबांच्या खोलीत श्रीनिवासनं सुरुवात तर चांगली केली. यंत्रात दोष आला होता, आकडे सुधारलेत, जागा बदलायला हवी. पण आप्पासाहेबांनी विचारलं, "दोष कशानं आला?" तेव्हा त्याचा आवाज उतरला. घरी खंडेनवमीला पूजा होती, तेव्हा यंत्र रेडिओजवळ ठेवलं गेलं, असं तो म्हणाला. ठेवलं गेलं. कुणी, ते त्या वाक्यात नव्हतं.

आप्पासाहेब खदखदून हसले. "म्हणजे वहिनींचा प्रताप! अहो वाटवे, बायकांच्या पूजेच्या तावडीत यंत्र देता कशाला? आमची मंडळी एकदा ट्रॅक्टरच्या इंजिनात फुलं घालत होती."

आनंदीनं नवऱ्याकडं पाहिलं. आता तो बोलेल, मग बोलेल. श्रीनिवास मूग गिळून समोरच्या पेपरवेटकडं बघत बसला. आनंदीच्या अंगाची लाही लाही झाली. खोटं सोसलं असतं, पण हे तर खोटंही नव्हतं. नुसतं गप्प बसून दुसऱ्याच्या पदरात घातलेलं होतं. आणि तेही त्या माणसानं, ज्याच्या अचूकपणाचा तिला एवढा अभिमान होता. क्षणभर तिला वाटलं, सगळं सांगून टाकावं. मग तिनं विचार बदलला.

"बरोबर आहे आप्पासाहेब," ती शांतपणे म्हणाली. "चूक माझ्या घरात झाली, तेव्हा ती माझी. मग दुरुस्तीही माझीच. भोकाची जागा मी दाखवणार, खुंटी मी ठोकणार, आणि खनिज वर येईपर्यंत मी तिथंच राहणार."

"कॅम्पवर? बाईमाणूस?"

"माती दोघांना सारखीच दिसते."

"आणि नाही लागलं तर?"

"तर तुम्ही म्हणालात तसं, ऊस आहेच. आम्ही दोघं मांजरीला खुरपायला येऊ."

आप्पासाहेबांना उतावळेपणाबरोबर आणखी एक सवय होती. समोरचा न कचरता बोलला की ते त्याच्यावर खूश होत. "जा," ते म्हणाले. "पण भोक एकच आहे, वहिनी."

घरी जाताना श्रीनिवास म्हणाला, "मी सांगणारच होतो."

"हो का," आनंदी म्हणाली, आणि वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत त्याच्याशी कामापलीकडं एक अक्षर बोलली नाही. आंबोलीचा घाट उतरताना त्यानं खिडकीची जागा दिली, ती तिनं घेतली. आभार मानले नाहीत.

कॅम्पवर सर्जेरावांनी पूर्वेच्या माळावर मशीन आणून ठेवलं होतं. सर्जेराव ड्रिलर, मांजरीचेच. आप्पासाहेबांच्या शेतांवर विहिरींची बोअरं मारता मारता खनिजाच्या कामात आलेले. जमीन सपाट करून, नारळ आणून ते मुहूर्ताची वाट बघत होते. जागा बदलायची म्हटल्यावर त्यांनी आधी नकाशाकडं पाहिलं, मग आनंदीकडं, मग पुन्हा नकाशाकडं.

"बाई, समदं लोखंड तिकडं हाय म्हणत्यात, आन् तुम्ही वढ्याच्या अलीकडं दावता. हिथं तर कायबी दिसत न्हाई."

"दिसलं असतं तर मशीन कशाला आणलं असतं, सर्जेराव? टोपलं आणलं असतं."

सर्जेराव हसले आणि मशीन ओढ्याच्या अलीकडं, पश्चिमेच्या माळावर आणायला माणसं लावली. आनंदीनं टेपनं अंतर मोजून घेतलं, खुंटी स्वतः ठोकली. पायाखालची ती जमीन तिनं पहिल्यांदाच पाहिली होती, तरी कुठला उतार कुठं लागणार ते तिला आधीच ठाऊक होतं. तिला फार बरं वाटलं. इतके महिने जी जागा कागदावर बोटानं फिरली, तिथं ती आता चपला घालून फिरत होती.

मशीन सुरू झालं. पहिले काही दिवस जांभाच. तांबडा, भोकाभोकाचा, फुटका. मग माती लागली. पिवळी, मग पांढरट, मऊसूत. नळीतून लांबच लांब मातीच येऊ लागली, आणि कॅम्पवरचे चेहरे उतरू लागले. होळी जवळ येत होती. आप्पासाहेबांचा निरोप आला, की माती किती दिवस काढणार?

श्रीनिवास मशीनपासून हलत नव्हता. एका दुपारी तो आनंदीजवळ येऊन बसला. "जागा थोडी सरकवायची का? अजून दिवस आहेत थोडे."

"नाही."

"तुझी इतकी खात्री कशी?"

"कारण आकडे तुमचे आहेत," आनंदी म्हणाली. राग होता म्हणून खोटं बोलायला ती तयार नव्हती. "पश्चिमेची रीडिंगं दसऱ्याआधीची आहेत. यंत्र तेव्हा शाबूत होतं, आणि वाचणारे तुम्ही होतात. त्यावर मी कुठंही भोक मारीन."

श्रीनिवास उठून पुन्हा मशीनपाशी गेला, पण जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

सर्जेरावही एकदा विचारून गेले. "बाई, निस्ती माती हाय. थांबवू का?"

"माती संपेपर्यंत थांबायचं नाही. माती संपल्यावर मला बोलवा."

त्यांनी बोलावलं ते एका सकाळी, चहा व्हायच्या आधी. भोकातून वर येणारं पाणी रात्रीपर्यंत पिवळं होतं, ते आता काळसर तांबडं झालं होतं. मशीनचा आवाज बदलला होता. मऊ घरघर जाऊन दाबलेली, जड कुरकुर लागली होती. नळीच्या टोकाचा हिऱ्याचा बिट कशावर तरी नेटानं घासत होता. सर्जेरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि त्याच वेळी आप्पासाहेबांची जीप माळ चढून आली. ते काम बंद करायला आले होते, हे त्यांच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

रॉड एकेक करून वर आले. शेवटच्या नळीतून सर्जेरावांनी दगडाचा गोल दांडा अलगद लाकडी खोक्यात सोडला. काळाशार, मधे तांबड्या पट्ट्या, आणि एवढासा तुकडा उचलताना मनगट खाली जावं इतका जड. श्रीनिवासनं सामानातून होकायंत्र काढून आणून जवळ धरलं. सुई थरथरली आणि दगडाकडं वळली.

"लागलं!" सर्जेराव ओरडले. "बाई, लागलं वो! निखळ लोखंड हाय ह्ये!"

माणसं धावत आली. कुणी गूळ वाटला. पूर्वेच्या मुहूर्ताचा नारळ कॅम्पवर तसाच होता, तो फुटला. आप्पासाहेबांनी तुकडा हातात घेऊन दोनदा उडवला आणि श्रीनिवासच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा नाकावर आला.

"शाबास वाटवे! वहिनींनी पूजेत घोळ घातला खरा, पण तुम्ही निस्तरलात. अखेर आकडे तुमचे!"

सगळे हसले. आनंदी हसली नाही. तिचं काम झालं होतं, खोक्यात पडलेलं दिसत होतं. खाण होणार, व्याप चालणार, नोकरी राहणार. एवढं सगळं हाती लागलं असताना तिला कळलं, की तिचं खरं लक्ष त्या दगडाकडं नव्हतंच. ते नवऱ्याच्या तोंडाकडं होतं. पण ह्या खेपेला ती त्याच्या मदतीला जाणार नव्हती. त्याला सोपं होईल असं एकही वाक्य ती बोलणार नव्हती. ती उभी राहिली आणि बघत राहिली.

श्रीनिवासनं चष्मा नीट केला.

"आप्पासाहेब, थांबा जरा," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण माणसं त्याच्याकडं वळली. "यंत्र पूजेत मी ठेवलं. माझ्या हातानं, रेडिओला टेकवून. परत आल्यावर जुन्या खुंटीवर वाचायचा आळसही मीच केला. त्या दिवशी तुमच्यासमोर मी गप्प बसलो आणि हिच्यावर येऊ दिलं. ती चूक आकड्यांपेक्षा मोठी होती."

आप्पासाहेबांच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

"आणि निस्तरलं हिनं. शंका हिची, हिशेब हिचा, जागा हिची. माझ्यावर असतं तर आज आपण ओढ्यापलीकडं माती उपसत असतो. नकाशावर नाव हिचं लागेल. टेंपररी ट्रेसर म्हणून नाही."

अंगावर लोखंडाचा कण नसलेला तो माणूस, नाडीची पँट घालून, चिखलानं माखलेल्या दहा-बारा माणसांपुढं ताठ उभा होता. कान मात्र लाल झाले होते. आनंदीला तो त्या क्षणी इतका आवडला, की लग्न ठरलं तेव्हाही एवढा आवडला नव्हता.

आप्पासाहेबांनी आधी श्रीनिवासकडं पाहिलं, मग आनंदीकडं. त्यांनी तुकडा खोक्यात जपून ठेवला, हात धोतराला पुसले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"वाटवेबाई," ते म्हणाले. वहिनी म्हणाले नाहीत. "मशीन आणखी महिनाभर मागून घेतो. पुढचं भोक कुठं घ्यायचं, ते सांगा."

आनंदीनं डोळे पदरानं टिपले आणि नकाशा उलगडून जीपच्या बॉनेटवर पसरला. मग तिनं श्रीनिवासला जवळ बोलावलं, कारण पुढचा एक आकडा तिला त्याच्याकडून पक्का करून हवा होता.